ठाण्यात नौपाड्यासारख्या गजबजलेल्या भागात जुन्या इमारतीतला फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय, इमारत ३५ वर्षांची, लिफ्ट नाही, स्टेशन चालत दहा मिनिटांवर, आणि त्याच पैशात घोडबंदर रोडला नवीन टॉवरमध्ये मोठा फ्लॅट मिळतोय. घरचे सगळे टॉवरच्या बाजूने आहेत. माझ्याही घरचे होते. नौपाडा घ्या. आता का ते सांगते, थोडं लांबेल.

२००९ मध्ये आम्ही नौपाड्यात पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. नवऱ्याला सुट्टी फक्त रविवारी, त्यामुळे एजंट आम्हाला तिन्ही वेळा रविवारी संध्याकाळीच घेऊन गेला. खाली एका दुकानाचं शटर बंद. पाटी नाही. शटरवर आणि समोरच्या पायरीवर पांढुरकी धूळ होती, ती बघून नवरा म्हणाला रंगाचं दुकान असेल. मीही मान डोलावली. एजंट काहीच बोलला नाही, एजंट अशा वेळी बोलत नसतातच.

वास्तुशांत ठेवली सोमवारी. गुरुजी संकल्प सांगतायत, आम्ही दोघं पाटावर, पाहुणे सतरंजीवर, आणि साडेआठला खालून घुर्रर्र सुरू झालं. आधी कळेना. मग ओट्यावरचे स्टीलचे पेले किणकिणायला लागले आणि ताम्हनातलं पाणी थरथरलं. गुरुजी थांबले. माझे दीर सतरंजीवरून म्हणाले, "वहिनी, मसाज फुकट आहे की मेंटेनन्समध्ये धरलाय?"

खाली पिठाची गिरणी होती. आमच्या बेडरूमच्या बरोब्बर खाली.

भाऊजींनी त्याच वर्षी घोडबंदरला घेतला होता. पोडियम, क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव. "घर म्हणजे शांतता हवी वहिनी, तुम्ही बाजारात घर घेतलंत," हे वाक्य मी पंधरा वर्षं प्रत्येक भाऊबीजेला, प्रत्येक साखरपुड्यात, एकदा तर सासऱ्यांच्या तेराव्यालाही ऐकलंय. तेव्हा उत्तर सुचायचं नाही, कारण गॅलरीत वाळत घातलेल्या नवऱ्याच्या काळ्या पँटी खरंच पांढऱ्या होत होत्या.

दुसऱ्याच दिवशी मी खाली भांडायला गेले. गिरणीवाले काका पीठ चाळत होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी वीस वर्षं इथे आहे. तुम्ही कालच आलात." यावर काय बोलणार? गहू दळून घेतला आणि वर आले. पुढे नवऱ्याच्या कंपनीतल्या एका फिटरने मोटरच्या पायाखाली जाड रबराचे पॅड बसवून दिले, खर्च निम्मा आमचा, निम्मा काकांचा. थरथर गेली. आवाज राहिला. त्याची सवय झाली असं मी लोकांना सांगते, खरं म्हणजे रविवारी संध्याकाळी गिरणी बंद असली की आता मला चुकल्यासारखं होतं.

आता भाऊजींच्या शांततेचं. जावेला पहिल्या दिवाळीला चकलीची भाजणी दळायची होती. कॉम्प्लेक्समधल्या एकीकडे घरघंटी होती, तीत काढली तर भरड आली, चकल्या तेलात विरघळल्या. तेव्हापासून दरवर्षी वसुबारसेच्या आधी जाऊबाई भाजलेले तांदूळ आणि डाळी डब्यात भरून रिक्षाने आमच्याकडे येतात. कारण आमचे काका भाजणी कधी गव्हावर टाकत नाहीत, आधी हरभरा डाळ दळतात आणि मग भाजणी. येतात आणि रात्री राहतात, कारण माजिवड्यापासून पुढे त्या दिवसांत गाडी हलत नाही. पुतण्या कॉलेजात गेल्यापासून आठवड्यातले दोन दिवस आमच्याच हॉलमध्ये झोपतो, सकाळची लोकल चालत गाठता येते म्हणून. दिवाळी पहाटेला राममारुती रोडवर पोरांची झुंबड उडते, तेव्हा तर त्याचे चार मित्रही आदल्या रात्री येऊन पडतात. मेट्रोचे खांब भाऊजी वर्षानुवर्षं गाडीच्या काचेतून बघतायत. उन्हाळ्यात टँकर. तलावात पाणी असतं म्हणे.

सासूबाई गेली दोन वर्षं एकट्या गावदेवी मार्केटला जातात, भाजी घेतात, येताना काकांकडे स्टुलावर बसतात. भाऊजींकडे राहायला गेल्या की तिसऱ्या दिवशी फोन येतो, "मला न्यायला ये." तिकडे खाली उतरून करायचं काय, बागेला चार फेऱ्या मारायच्या आणि परत लिफ्टने वर.

असो. तुमच्या कामाचं.

जुन्या रिसेलला रेरा (बिल्डरांवर अंकुश ठेवणारा कायदा) फारसा उपयोगी नाही, तिथे कागद तुम्हालाच बघायचेत. आधीचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट आणि ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला. सर्वात महत्त्वाचं म्हणजे सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का. आमच्याकडे नव्हती. बिल्डर वारला होता, मुलं सही करायला येत नव्हती. शेवटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण घेतलं, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेतली. कायद्यात सोय आहे, पण चपला झिजतात. हे झालेलं नसेल तर पुनर्विकासाच्या गप्पांवर एक रुपयाही जास्त देऊ नका. "दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार" हे वाक्य नौपाड्यातल्या प्रत्येक जुन्या इमारतीबद्दल एजंट बोलतो. त्याला ५१ टक्के सभासदांचा होकार लागतो, आणि आमच्या सोसायटीत जिन्यातला दिवा कोणत्या रंगाचा यावर तेवढे होकार मिळत नाहीत.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, मागा. ३० वर्षांपुढच्या इमारतीला ते दर तीन वर्षांनी करावं लागतं. "झालंय, सेक्रेटरींकडे आहे" यावर जाऊ नका, हातात घेऊन वाचा. महापालिकेच्या धोकादायक यादीत इमारत आहे का तेही बघा: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. करारनामा बायकोच्या एकटीच्या नावावर केलात तर मुद्रांक शुल्क सातऐवजी सहा टक्के पडतं. ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायचे पैसे) म्हणून सोसायटी २५ हजारांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, मागतात मात्र वाट्टेल तेवढे, "बिल्डिंग फंड" म्हणून. आणि पार्किंगचे वेगळे पाच लाख मागतायत असं तुम्ही लिहिलंय ते कसले? उघडी किंवा स्टिल्टखालची (इमारतीच्या खांबांमधली) जागा बिल्डरलाही वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. ती जागा सोसायटीची. विकणाऱ्याचा त्यावर हक्क कुठून आला ते लेखी दाखवायला सांगा.

एक दोन गोष्टी माझ्या विरुद्धही सांगते, नाहीतर भाऊजी वाचतील आणि ओरडतील. आमच्याकडे गाडीला जागा नाही. गाडी होती, विकली. तुम्हाला गाडीशिवाय चालत नसेल तर माझं वरचं सगळं विसरा. मोठा पाऊस झाला की वंदना टॉकीजच्या बाजूला पाणी भरतं, त्यामुळे तळमजला घेऊच नका. आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत म्हणून सासूबाईंचे गुडघे चालतात. तिसरा असता तर मी हे उत्तर इतक्या तोऱ्यात लिहिलं नसतं. गणपती, नवरात्र, दहीहंडी, सगळं उशाशी. कोणी आजारी असेल तर त्या दिवसांत फार जड जातं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. रबराचे पॅड ढोलाखाली बसत नाहीत.

तुम्ही चौरस फूट लिहिलेत, भाव लिहिलात, खिडकी पूर्वेला हेही लिहिलंत. फ्लॅटच्या खाली काय आहे ते लिहिलंच नाहीत. कोणत्या वारी बघून आलात?