‘ख्रिस्ताची मंडळी’ आणि ‘आमची मंडळी’

बडोद्याच्या एका वाचकांचा प्रश्न असा: ‘फतेगंजमध्ये एका मराठी ख्रिस्ती सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, मंडळी ही ख्रिस्ताची वधू आहे. आमचे आजोबा आजीबद्दल बोलताना “आमची मंडळी” म्हणायचे, त्यामुळे मला तिथेच हसू फुटलं. हा शब्द तोच का? आणि मग वधूच का, पत्नी का नाही? समोर बाकांवर निम्मे पुरुष बसले होते, तेही वधू?’

शब्द तोच, पण तिथे पोहोचला दुसऱ्या वाटेने. ‘मंडळ’ म्हणजे वर्तुळ, आणि भोवती जमलेली माणसं ती मंडळी. बायकोचं नाव घ्यायचं नाही असा दंडक, आणि ‘बायको’ म्हणणंही चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणून जुन्या पुरुषांनी आडवळणं काढली: ‘कुटुंब’, ‘घरची माणसं’, ‘मंडळी’. बाई एकटीच, पण तिला अख्ख्या घराच्या नावाखाली लपवायचं. दांडिया बाजारातल्या वाड्यांत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ख्रिस्ती मराठीतली ‘मंडळी’ ही नव्या करारातल्या ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी घेतलेली आहे. एक्लेसिया म्हणजे बोलावून जमवलेली सभा. इमारत ती चर्च किंवा देऊळ, आणि माणसं ती मंडळी, असा भेद मराठी प्रोटेस्टंट घरांत आजही पाळतात. कॅथलिकांमध्ये ‘ख्रिस्तसभा’ चालतं. हिंदीने फारसी-उर्दूच्या वाटेने आलेला ग्रीक शब्दच ठेवला, ‘कलीसिया’. गुजराती ख्रिस्ती आपल्यासारखंच ‘मंडळी’ म्हणतात, फक्त गुजरातेत राहणाऱ्याच्या कानाला त्या शब्दाला दुधाचा वास येतो, कारण इथे मंडळी म्हटलं की आधी दूध मंडळी आणि सहकारी मंडळी आठवते.

तेव्हा पाळकसाहेबांच्या वाक्यात आजोबांची ‘मंडळी’ नव्हती. मात्र एका गोष्टीने मराठीचं काम सोपं झालं. मंडळी, सभा, कलीसिया, आणि मुळातली एक्लेसियासुद्धा, सगळे शब्द स्त्रीलिंगी आहेत. भाषांतरकारांनी ‘संघ’ किंवा ‘समाज’ घेतला असता तर ‘ख्रिस्ती समाज ही ख्रिस्ताची वधू’ म्हणताना जीभ अडखळली असती.

वधूचं हे चित्र मात्र ग्रीक नव्या कराराच्या फार आधीचं आहे. इ. स. पू. आठव्या शतकात, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात होशेय नावाचा संदेष्टा होऊन गेला. त्याचं लग्न गोमरशी झालं. ती त्याच्याशी एकनिष्ठ राहिली नाही, आणि आपलं मोडलेलं घर हेच त्याने देव आणि इस्राएल यांच्या नात्याचं चित्र केलं. पुढे तो एका स्त्रीला (बहुतेक भाष्यकारांच्या मते गोमरलाच) पंधरा शेकेल रुपं आणि दीड होमर जव मोजून परत घरी आणतो. अर्धे पैसे रोख, उरलेले धान्यात, असं दिसतं. पदरचं सगळं झाडून आणलेल्या माणसाचा हा व्यवहार वाटतो. उपदेशात लग्नाचं चित्र नेहमी फुलामाळांचं असतं. त्याच्या मुळाशी हे जव आहेत.

आता होशेयच्या दुसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन पाहा. देव इस्राएलला म्हणतो, त्या दिवशी तू मला ‘इशी’ म्हणशील, ‘बआली’ म्हणणार नाहीस. दोन्हींचा अर्थ ‘माझा नवरा’. पण ‘ईश’ म्हणजे पुरुष, जोडीदार, तर ‘बआल’ म्हणजे मालक, धनी. वर बआल हे कनानी देवाचंही नाव. एकाच शब्दात मालक, नवरा आणि देव. आपल्याकडे याला हुबेहूब जोड सापडते ती गुजरातीतल्या ‘धणी’ची. ढोराचा धणी, बाईचा धणी, आणि ‘धार्युं धणीनुं थाय’ म्हणताना वर बसलेला धणी. मराठीतही ‘आमचे मालक’ म्हणणाऱ्या बायका होत्याच, आणि ‘पती’ हा राष्ट्रपती-सेनापतीतला पती, म्हणजे तोही मूळचा धनीच. होशेयचा देव ही मालकी नाकारतो आणि नात्यातला शब्द मागतो. मराठीत ‘इशी’ला कोणता शब्द द्यावा? ‘पती’ भारदस्त आहे, पण त्यातून मालक पुरता जात नाही. मला विचाराल तर साधा ‘नवरा’ जास्त जवळ जातो. अर्थात यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायात ‘तुझा निर्माता तुझा पती आहे’ असं म्हणताना मूळ हिब्रूत बआलच्याच धातूचं रूप आहे, त्यामुळे होशेयचा आग्रह सगळ्या बायबलला लावता येत नाही.

नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल इफिसकरांच्या पत्रात हेच चित्र ख्रिस्त आणि मंडळीला लावतो. तिथे बायकांनी अधीन राहावं हे वाक्य लोकांना पाठ असतं. त्यापुढची वाक्यं लांब आहेत आणि नवऱ्यांना उद्देशून आहेत: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तशी प्रीती करा. जीव द्यायची अट नवऱ्यावर आहे. लग्नाच्या उपदेशात हा तोल किती वेळा सांभाळला जातो, हे ऐकणाऱ्यांनी ठरवावं.

वधूच का, याचं उत्तर तेव्हाच्या ज्यू विवाहपद्धतीत आहे. लग्न दोन टप्प्यांत होई. आधी वाग्दान, आणि काही काळाने नवरीला घरी आणणं. पण वाग्दान म्हणजे आपला साखरपुडा नव्हे. ते मोडायला सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा लेख, लागे. म्हणूनच मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मरीयेचं नुसतं वाग्दान झालेलं असताना योसेफ तिला गुपचूप सोडून देण्याचा विचार करतो. गुजरातेत लग्नानंतर ‘आणुं’ होईपर्यंत मुलगी माहेरी राहायची, त्याच्या आसपासची ही अवस्था. करिंथकरांना पौल लिहितो की मी तुमचं एका पतीशी वाग्दान केलं आहे. आणि कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं, लग्न येतं ते थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात. नातं पक्कं झालंय, पण घरी नेणं बाकी आहे. ‘पत्नी’ म्हटलं की ही मधली वाट पाहणारी अवस्था पुसली जाते.

मराठीत इथे आणखी एक गंमत आहे. ‘नवरा’ लग्नाच्या दिवशीही नवरा आणि पन्नास वर्षांनीही नवराच. ‘नवरी’ मात्र मांडवापुरती. दुसऱ्या दिवसापासून ती बायको. म्हणजे ‘कोकऱ्याची नवरी’ म्हणताना नवऱ्याकडून कायमचं नातं आणि नवरीकडून ताजेपणा, दोन्ही आपोआप येतात. ‘वधू’ पत्रिकेवर शोभतो, पण हे त्यातून मिळत नाही.

राहिले बाकांवरचे पुरुष. बायबलमध्ये वधू आहे ती सगळी प्रजा किंवा सगळी मंडळी मिळून. एकेक विश्वासणारा नव्हे. एकेका जिवाला वधू मानण्याची रीत पुढे फोफावली. क्लेअरव्होच्या बर्नार्ड या फ्रेंच मठाधिपतीने गीतरत्नावर, म्हणजे बायबलमधल्या प्रेमगीतांच्या पुस्तकावर, ८६ प्रवचनं रचली आणि तरी ११५३ मध्ये तो वारला तेव्हा गाडी जेमतेम तिसऱ्या अध्यायाशी आली होती. त्याच्याकडे वधू म्हणजे बहुधा देवाला आसुसलेला जीव, मग तो पुरुषाचा का असेना. विरहिणी आणि गौळणी पुरुष संतांच्या तोंडून ऐकलेल्या मराठी माणसाने यात नवल मानू नये. तरी मराठी भक्तीचा ओढा नवऱ्यापेक्षा आईकडे जास्त. विठ्ठलाची माउली केली, आणि ना. वा. टिळकांनी ख्रिस्तालाही माउली केलं. म्हणूनही असेल, पण वधूचं चित्र मराठी ख्रिस्ती घरांत मला उपदेशात जेवढं ऐकू येतं तेवढं रोजच्या प्रार्थनेत ऐकू येत नाही.

आता आजोबांची मंडळी आणि पाळकसाहेबांची मंडळी वेगळी ओळखायची तर अनेकवचन करून पाहा. आजोबांच्या मंडळीचं अनेकवचन होत नाही, करायला गेलात तर घरात भांडण होईल. चर्चच्या मंडळीचं होतं: गलतीयातल्या मंडळ्या, आशियातल्या (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या रोमी प्रांतातल्या) सात मंडळ्या. प्रकटीकरणाच्या सुरुवातीला या सातही मंडळ्यांना वेगवेगळी पत्रं जातात, कुणाला शाबासकी, कुणाला कानउघाडणी. त्याच पुस्तकाच्या शेवटी लग्न लागतं तेव्हा मात्र नवरी एकच आहे. ‘नवऱ्या’ असं तिथे कुठेही नाही.