त्यांना तुझा वेळ नकोय

चि. भाचेबुवा,
अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन सर्व्हे भरून पैसे मिळवण्याचे तुझे तीन स्क्रीनशॉट मिळाले. खाली एवढंच, "मावशी, हे खरं असतं का?" फोनवर सांगितलं असतं, पण तू अभ्यासिकेत फोन उचलत नाहीस आणि तू मोकळा होतोस तेव्हा मी घोरत असते. म्हणून लिहायला बसले.

खरं असतं, निदान त्यातलं बरंचसं. कंपन्यांना लोकांची मतं लागतात, त्यासाठी त्या मार्केट रिसर्चवाल्यांना पैसे देतात आणि त्यातले चार आणे उत्तर देणाऱ्यापर्यंत पोचतात. मीही नऊ वर्षं याच पैशावर घर चालवलं, फक्त लोकांच्या दाराबाहेर उभी राहून. कोथरूड ते येरवडा, खांद्याला झोळी, हातात फॉर्मचा गठ्ठा.

तुझ्याच आकड्यांवरून हिशेब मांडला. तीन रात्री मिळून साडेसात तास. 14 सर्व्हे सुरू केलेस, पुरे झाले 3, जमा झाले 95 रुपयांचे पॉइंट. म्हणजे तासाला पावणेतेरा रुपये, एक अमृततुल्य चहा. शिवाय 500 रुपये झाल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत, म्हणजे याच वेगाने एकूण 40 तास. त्यात राज्यघटनेचं अर्धं पुस्तक होतं की रे.

बाकीचे 11 कुठे गेले, ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या फॉर्मच्या पहिल्याच पानावर विचारायचं असे, घरातलं कुणी जाहिरात, वर्तमानपत्र किंवा मार्केट रिसर्चमध्ये आहे का? 'हो' आलं की धन्यवाद म्हणून पुढचं दार. याला आम्ही 'टर्मिनेट' म्हणायचो. मग घराचा आर्थिक-सामाजिक वर्ग काढायचा. 2011 पासून त्याची पद्धत सोपी झाली: मुख्य कमावता किती शिकलाय आणि ठरलेल्या 11 गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि अकरावी शेतजमीन. एवढ्यावरून घर ए-वन ते ई-थ्री अशा 12 खणांपैकी एकात बसायचं. त्यानंतर कोटा. समज, वरच्या वर्गातल्या, पंचविशी-चाळिशीतल्या, सहा महिन्यांत वॉशिंग मशीन घेतलेल्या 50 बायका हव्यात. एक्कावन्नावी कितीही छान बोलली तरी तिचा फॉर्म कुणाला नको.

आता तू स्वतःकडे बघ. कॉट बेसिसवर राहणारा, मेसवर जेवणारा, गेल्या वर्षभरात टेस्ट सिरीज आणि चपला सोडून काही न घेतलेला मुलगा. त्यांना तुझा वेळ नकोच आहे, त्यांना हवाय तो तुझा खर्च. तो तुझ्याकडे नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. मला पैसे पुऱ्या झालेल्या फॉर्मचे मिळत. 20 दारं वाया गेली तर ती पायपीट माझी. दार उघडणाऱ्या बाईची फार तर दोन मिनिटं जात. ऑनलाइनमध्ये ती पायपीट उत्तर देणाऱ्याच्याच अंगठ्यावर टाकलीय. आठ मिनिटं प्रश्न विचारून "आपण पात्र नाही" म्हणायला त्यांना काही पडत नाही. 2018 मध्ये काही संशोधकांनी ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या ऑनलाइन किरकोळ कामं देणाऱ्या साइटवरच्या 2,676 जणांची कमाई तपासली. सर्व्हे भरणं हेही तिथलं एक नेहमीचं काम. काम शोधण्यात आणि अर्धवट सुटलेल्या कामात गेलेला वेळही त्यांनी धरला, तेव्हा निम्म्या लोकांना तासाला सुमारे 2 डॉलर किंवा त्याहून कमी सुटत होते. तेही डॉलरमध्ये देणाऱ्या ठिकाणी.

मग कुणीच करू नये का? गूगलचं ओपिनियन रिवॉर्ड्स ठेव फोनमध्ये. प्रश्न चार-दोन असतात, बसची वाट बघताना होतात. अँड्रॉइडवर मोबदला प्ले स्टोअरचं क्रेडिट म्हणून येतो, त्यातून मेसचं बिल भागत नाही आणि वर्षभरात वापरलं नाही तर तेही जातं. एवढीच त्याची लायकी. व्हीपीएन लावून, म्हणजे फोनचं खरं ठिकाण लपवून, अमेरिकन व्हायचं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. खातं बंद होतं, आणि ते बहुधा पैसे काढायच्या वेळीच.

भीती मला वेगळ्याच गोष्टीची आहे. तू तेव्हा शाळेत होतास, 2010-11 मध्ये स्पीक एशिया नावाची सिंगापूरची कंपनी गाजली. 11,000 रुपये भरायचे, आठवड्याला दोन सर्व्हे, महिन्याला 4,000 रुपये, शिवाय नवे सभासद आणले की वेगळे. देशभरातून लाखो लोक शिरले. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं. आमच्या नात्यातही विचारणा झाली होती, "तू याच लाइनीतली ना, भरू का?" मी म्हटलं, प्रत्येकाला दर आठवड्याला ठरलेले दोन सर्व्हे? कोटा कुठाय? खरा सर्व्हे दहातल्या आठांना घालवून देतो. जो कुणालाच घालवत नाही, त्याला उत्तरं नकोत, पैसे हवेत. चौघांनी ऐकलं, दोघांनी भरले. त्या दोघांकडे मी अजून हा विषय काढत नाही.

आता ते टेलिग्रामवर येतं. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, पहिल्या दिवशी 150 रुपये खरंच खात्यात येतात. मग 'प्रीपेड टास्क', आधी भरा मग दुप्पट घ्या. तुझ्या तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये खाली जो ग्रुपचा दुवा दिसतोय, तो आजच काढून टाक. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नकोस, लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कर आणि मग मला. आणि कुणी म्हणालं, तुझं बँक खातं थोडे दिवस वापरू दे, कमिशन देतो, तर त्या माणसाशी पुन्हा बोलूसुद्धा नकोस. चोरीचा पैसा तिथून फिरला की खातं गोठतं आणि नोटीस तुझ्या नावावर येते. तुला तर उद्या चारित्र्य पडताळणीला सामोरं जायचंय.

मेसचे पैसे कमी पडतायत हे तू लिहिलं नाहीस, पण साडेसात तासांवरून कळलं. क्लासमध्ये टेस्ट सिरीजचे पेपर तपासायला मुलं लागतात, विचार. तिथे पेपरमागे पैसे मिळतात आणि उजळणीही होते. माझ्या जुन्या सुपरवायझरना सुद्धा फोन केलाय. रविवारचं फील्डवर्क असेल तर कळवतील. चालावं लागेल, पण तिथे पात्र-अपात्र तू ठरवशील.

तुझी,
मावशी

ता. क. पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये तुझं प्रोफाइल दिसतंय. वय 34, विवाहित, घरी चारचाकी आणि एसी. अशी उत्तरं दोन सर्व्हेंत जुळली नाहीत की पकडली जातात, आम्हीही पकडायचो. तुझ्या आईला मी अजून काही बोलले नाहीये. सून कशी आहे ते मात्र कळव.