खाजवू नको म्हणून खाज थांबत नाही

बाळा,

काल रात्री तू पिल्लूच्या कोपराच्या खाचेतल्या इसबाचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस की मावशी, मी काहीतरी चुकीचं खाल्लं असेल म्हणून याला हे झालं. ते वाचून मला झोपच लागली नाही गं. तुझ्यामुळे काही झालेलं नाहीये. इसब, म्हणजे एक्झिमा, असलेल्या बऱ्याच पोरांची कातडी मुळातच कच्ची असते, ओलावा आत धरून ठेवत नाही आणि साबण, घाम, धूळ यांनी लगेच चिडते, मग खाज, खाजवलं की कातडी अजून फाटते, की अजून खाज. तुझ्या सासऱ्यांना दमा आहे ना, दमा आणि इसब एकाच घरात फिरतात बघ.

तू सध्या कारण शोधत बसलीयस, आज दूध बंद, उद्या अंडं बंद. मीही हेच केलं होतं, नेरुळला नवीन राहायला आलो तेव्हा, लेकीचं दूध, अंडं, गहू सगळं आठ महिने तोडलं, चट्टे जिथल्या तिथे आणि वजन मात्र वाढायचं थांबलं. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. नुसत्या रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला आला म्हणजे अ‍ॅलर्जी असतेच असं नाही. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर तो पदार्थ थांबव आणि डॉक्टरांना दाखव. श्वास घ्यायला त्रास होतोय किंवा बाळ मलूल पडलं तर क्षणभर थांबू नकोस, थेट 108.

उलट शेंगदाण्याचं ऐक. लंडनला इसब जोरात असलेली किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेऊन अभ्यास केला होता, तो 2015 साली आला, ज्यांना लवकर शेंगदाणा सुरू केला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी शेंगदाणा टाळलेल्या बाळांपेक्षा कितीतरी कमी निघाली. पिल्लू दहा महिन्यांचा आहे, चट्टे जोरात आहेत, म्हणून पहिल्यांदा द्यायच्या आधी डॉक्टरांना विचार, आणि दाणा अख्खा नाही हं, घशात अडकतो, एकदम बारीक कूट खिमटीत कालवून.

आता अंघोळ. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, बस. घोडबंदरला तुमच्याकडे टँकरचं पाणी येतं, ते जड असेल तर साबण धड निघत नाही आणि कातडी अजून कोरडी पडते, म्हणून साबणच नको, डॉक्टर सांगतील ते सौम्य क्लीन्झर. डाळीचं पीठ चोळणं बंद, मोहरीचं तेल बंद, आणि मालिशवाल्या मावशींना धुरी द्यायला प्रेमाने पण ठाम नाही म्हण, धुराने त्याचा त्रास वाढतो. टॉवेलने नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, मॉइश्चरायझर. तू छोटी ट्यूब पुरवून पुरवून लावतेस, मी बघितलंय. पूर्ण अंगाला दिवसातून दोनतीनदा लावायचं तर आठवड्याला 250 ग्रॅम सहज संपायला हवं. महागडं नको, वास नसलेलं घे, साधी पेट्रोलियम जेलीही चालते, मे महिन्यात चिकचिक होईल तेव्हा हलकं क्रीम. चट्टे गेले तरी रोज लावायचं, खरं काम इथेच आहे आणि इथेच आपण कंटाळतो.

डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड क्रीम तू घाबरून अर्धवट लावतेस, मग चट्टा दोन दिवसांत परत. आपल्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबची रेघ काढायची, तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. सांगितलेत तितके दिवस, लाल चट्ट्यांवरच. घाबरायचं असेल तर मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने दिलेल्या तीन औषधं (जोरदार स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध) एकत्र असलेल्या ट्यूबला घाबर, मी ती लेकीच्या गालाला लावली होती, दोन दिवस छान दिसलं आणि मग कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसायला लागल्या.

पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते ती पुसत जा, चादरी गरम पाण्यात, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी. नखं दर दोनतीन दिवसांनी. रात्री खाज सुटली की ओरडू नका त्याच्यावर, गार ओलं सुती फडकं ठेव आणि परत मॉइश्चरायझर लाव. पिवळी खपली, पू दिसला तर डॉक्टर. आणि एकसारखे गोल फोड घोळक्याने आले, सोबत ताप, तर रात्र असली तरी त्याच दिवशी हॉस्पिटल.

रविवारी सकाळच्या लोकलने येते ठाण्याला. मॉइश्चरायझरचा मोठा डबा मीच घेऊन येईन, तू त्याला जेवू घालून ठेव, अंघोळ आपण दोघी मिळून घालू.

तुझी मावशी