बटेरची अंडी घरच्या मशीनमध्ये उबवताय? आधी खोली बघा

राम राम मंडळी. बटेरच्या उबवणीचे बरेच प्रश्न आलेत आणि दुखणं सगळ्यांचं जवळपास एकच आहे. गंगाखेडकडच्या एका दादांनी लिहिलंय, 60 अंडी घातली, 11 पिल्लं निघाली, बाकीची आतच मेली, मशीन खराब आहे का? औशाच्या एका ताई विचारतात की लाईट गेली तर काय करायचं, आणि पिल्लानं कवच टोचलं पण बाहेर येईना, तर आपण सोलून काढावं का?

दादा, मशीन बदलायच्या आधी मला एवढं सांगा, ते ठेवलंय कुठं? बहुतेक जण पत्र्याच्या शेडात ठेवतात आणि निम्मं नुकसान तिथंच होतं. घरगुती इनक्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. खोलीच 40 च्या वर गेली तर हीटर बंद होऊनसुद्धा आतलं तापमान खाली येणार कसं? अंड्यातला जीव थोडा गारठा सोसतो पण जास्तीची उष्णता काही तासांतच त्याला मारते. गावात जुनं माळवदाचं घर असंल तर त्यातली आतली खोली घ्या, मातीचं छत आणि जाड भिंती, दुपारची तलखी आत लवकर पोचत नाही. नसंल तर उन्हाची बाजू सोडून पक्क्या घरातली खोली. तेही जमत नसंल तर एप्रिल-मेत अंडी घालूच नका, पाऊस पडून हवा निवली की घाला, हे मी अगदी ठासून सांगतो.

आता तापमान. पंख्याच्या मशीनमध्ये 37.5 अंश सेल्सिअस लागतं, बिनपंख्याच्या पेटीत 38.5 च्या आसपास, आणि तेही अंड्याच्या वरच्या पातळीला मोजायचं, झाकणापाशी नाही. स्वस्तातल्या मशीनच्या डिस्प्लेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. औषधाची छोटी बाटली पाण्यानं भरायची, बूच घट्ट लावायचं, चार-पाच तास अंड्यांच्या जागी ठेवायची, मग काढून लगेच घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर त्यात बुडवायचा. पंख्याच्या मशीनमध्ये 37.5 च्या जवळ आलं तर ठीक, अर्धा-एक अंशाचा फरक दिसला तर सेटिंग तेवढं हलवा. हे अंडी घालायच्या आदल्या दिवशी करा.

दुसरी गोष्ट ओलावा, आणि आपल्याकडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की पाण्याची वाटी कधी आटली कळतपण नाही. पहिले 14 दिवस 45 ते 55 टक्के, शेवटचे तीन-चार दिवस 65 ते 70 टक्के ठेवा. पावसाळ्यात उलटं होतं, हवेतच ओल असते, मग सुरुवातीला पाणी कमी ठेवावं लागतं. ओलावा दाखवणाऱ्या काट्यावर भरवसा नसंल तर ट्रेसकट अंडी वजन करा. बटेरचं अंडं 10 ग्रॅमच्या आसपास असतं आणि 14 दिवसांत त्याचं वजन साधारण 10 ते 12 टक्के उतरायला पाहिजे. फारच उतरलं तर पाणी वाढवा, कमी उतरलं तर पाणी कमी करा.

14 दिवसांपर्यंत अंडी दिवसातून चार-पाच वेळा फिरवायची. नंतर फिरवणं बंद, झाकण बंद. 17-18 व्या दिवशी पिल्लं निघतात. सगळ्यात जास्त घोळ याच दिवसांत होतो, घरातलं प्रत्येकजण येऊन झाकण उचलतं, ओलावा निघून जातो आणि आतला पडदा कोरडा पडून पिल्लाला चिकटतो, मग ते फिरूच शकत नाही. ताई, तुमचं अडकलेलं पिल्लू असंच अडकलेलं असणार. सोलू नका. रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतात, सोललं की रक्त येतं. कवच टोचल्यावर बाहेर यायला काही तास लागतातच, झाकण न उघडता थांबा. निघालेली पिल्लंसुद्धा लगेच काढायची नाहीत, पोटात पिवळा बलक उरलेला असतो, अंग वाळून फुलेपर्यंत एक दिवस त्यांना काही होत नाही.

लाईटचं म्हणाल तर तास-दोन तास गेली म्हणून घाबरू नका. झाकण उघडू नका, वरून वाकळ टाका, फक्त हवेची भोकं मोकळी ठेवा, शेवटच्या दिवसांत पिल्लांना हवा जास्त लागते. भारनियमन रोजचंच असंल तर छोटा इन्व्हर्टर घ्या.

दादा, ती न निघालेली अंडी फेकू नका, एकेक फोडून बघा. आत नुसता बलक दिसला तर बहुतेक अंडं फळलंच नाही, म्हणजे मशीनचा दोष नाही. दोन-तीन माद्यांमागं एक नर लागतो आणि अंडी सात दिवसांच्या आतली पाहिजेत. दुकानातली खायची अंडी तर घालूच नका. रक्ताचं कडं दिसलं तर सुरुवातीलाच मेलं. पूर्ण पिल्लू कोरड्या पडद्यात गुंडाळलेलं असंल तर शेवटी ओलावा कमी पडला. पिल्लं 16 व्या दिवशीच निघाली आणि बेंबी उघडी असंल तर उष्णता जास्त झाली.

काहीजण विचारतात, खुडूक कोंबडीखाली ठेवली तर? गावरान कोंबडीच्या वजनानं एवढंसं अंडं फुटतं. आणि बटेर स्वतः सहसा बसत नाही, ही जपानी बटेर 1974 मध्ये अमेरिकेहून इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आणली, माणसानं मशीनवर वाढवून वाढवून तिची बसायची सवयच गेली. रानातल्या बटेरची अंडी मात्र कुणी उचलू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे.

पिल्लू जेमतेम 7-8 ग्रॅमचं असतं. पहिल्या आठवड्यात 35 ते 37 अंशाची ऊब द्या, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. खाली गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात, गोणपाट टाका. आणि पाण्याच्या ताटलीत खडे भरा, नाहीतर ती उथळ पाण्यातसुद्धा बुडून मरतात. एवढं करूनही पिल्लं दगावली तर एक-दोन मेलेली पिल्लं पिशवीत बांधून, बर्फात ठेवून परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला न्या, आणि त्याच दिवशी न्या.