इंग्लंडला निघताय? पगाराआधी मुलांची वयं मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्किल्ड वर्कर व्हिसावर चौघांनी इंग्लंडला यायचं जवळपास ठरलंय. मुलीची दहावीची परीक्षा आत्ताच झाली, मुलाला मार्चमध्ये नऊ पूर्ण झाली, आणि ऑगस्टमध्ये निघायचा बेत आहे. ओळखीतले सांगतात की तिकडे युनिव्हर्सिटीच्या फीची चिंता नको, सरकार प्रत्येकाला कर्ज देतं. हे खरं का?

खरं आहे, पण तुमच्या मुलांना ते मिळेलच असं नाही. आणि ते तुमच्या पगारावर नाही, तारखांवर ठरतं.

इथे एकाच वर्गात दोन फी चालतात. होम फी, म्हणजे इथल्यांची, २०२५-२६ साठी वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती. ओव्हरसीज फीला वरची मर्यादाच नाही. साधारण वीस ते चाळीस हजार धरून चाला, मेडिसिनला त्याहून जास्त. होम फी आणि सरकारी कर्ज मिळायचा नेहमीचा मार्ग असा: कोर्सचं पहिलं शैक्षणिक वर्ष सुरू होईल त्या दिवशी, म्हणजे बहुतेक कोर्सेसना १ सप्टेंबरला, मुलाच्या हातात आयएलआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना हवा, आणि त्याआधीची सलग ३ वर्षं इथे वास्तव्य हवं. २ सप्टेंबरला परवाना आला तर त्या कोर्सपुरता तो कामाचा नाही. दुसऱ्या वर्षाला असताना आला तरी फी खाली येत नाही. तुम्ही इथे वेळच्या वेळी टॅक्स भरताय, याला या हिशोबात काडीचीही किंमत नाही. मला हे अन्यायाचंच वाटतं, पण आहे ते असं आहे.

आयएलआर आजवर या व्हिसावर ५ वर्षांनी मिळत आलाय. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने तीच मुदत सर्वसाधारणपणे १० वर्षं करायचा प्रस्ताव मांडला. तेव्हा दोन्ही आकडे धरून हिशोब करा, आणि व्हिसाचा अर्ज भरायच्या दिवशी सरकारी साइटवरचा नियम स्वतः वाचा. माझ्यासकट कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता मुलगी. ती सोळाव्या वर्षी येऊन बारावीच्या तोडीचं, ए लेव्हल्सचं, शिक्षण घेईल. ते दोन वर्षांचं. म्हणजे अठराव्या वर्षी तिच्याकडे आयएलआर असणं शक्यच नाही. ५ वर्षांचा जुना नियम धरला तरी एकवीस उजाडेल. तिला ओव्हरसीज फी लागणार आणि कर्ज मिळणार नाही. युनिव्हर्सिटीने मनावर घेतलं तर ती कमी फी लावू शकते, तसा अधिकार तिला असतो, पण त्या आशेवर बसू नका. स्थानिक मुलांची फी २०१७ पासून २०२५ पर्यंत ९,२५० वर गोठवलेली होती, खर्च मात्र वाढत राहिला, आणि ती तूट युनिव्हर्सिट्यांनी परदेशी मुलांच्या फीतून भरली. ते उत्पन्न त्या सहजी कशाला सोडतील?

मग तिला पदवीसाठी भारतातच ठेवायचं का? ठेवू शकता, पण एक लक्षात घ्या. डिपेंडंट म्हणून पहिला व्हिसा अठरा पूर्ण व्हायच्या आत मागावा लागतो. ती वेळ टळली की तिला तुमच्यामागून डिपेंडंट म्हणून येता येणार नाही. यायचं तर स्वतःच्या स्टुडंट किंवा नोकरीच्या व्हिसावर.

तिसरी वाट फार कमी जणांना ठाऊक असते: डिग्री अप्रेंटिसशिप. कंपनी नोकरीला ठेवते, पगार देते, पदवीची फी कंपनीकडून आणि सरकारी निधीतून जाते, मुलीला एक पौंडही भरावा लागत नाही. याला आयएलआर लागत नाही. शिक्षणापुरता नसलेला व्हिसा आणि इथलं ३ वर्षांचं वास्तव्य चालतं. ए लेव्हल्सनंतर एक वर्ष तिने कुठेतरी नोकरी केली की ती ३ वर्षं भरतात. चुरस प्रचंड असते, त्यामुळे निवड गृहीत धरू नका, पण तिच्या जागी मी असते तर पहिल्या दिवसापासून याचीच तयारी केली असती.

मुलाची गोष्ट वेगळी. ५ वर्षांचा नियम लागू राहिला तर त्याचं सगळं आपोआप सुरळीत होतं. मुदत १० वर्षं झाली तर मात्र तो अठराव्या वर्षी अडकेल. अशा वेळी लोक सांगतात, ‘आयएलआर नसला तरी सात वर्षं इथे राहिलं की होम फी आणि कर्ज मिळतं.’ तो नियम अठराच्या आतल्यांसाठी आहे, आणि इथली जवळजवळ सगळी मुलं कोर्सच्या १ सप्टेंबरला अठरा ओलांडून गेलेली असतात. अठरा झाल्यावर अट बदलते: आयुष्यातला निम्मा काळ इथे गेलेला हवा. तुमचा मुलगा त्या दिवशी साडेअठराच्या आसपास असेल, म्हणजे साधारण सव्वानऊ वर्षं लागतील. ऑगस्टमध्ये उतरलात तर भरतात नऊ आणि वर काही दिवस. दोन-अडीच महिन्यांनी हुकतं! तेच मे संपायच्या आत आलात तर जमून जातं. कंपनीच्या एचआरला रुजू व्हायची तारीख अलीकडे आणता येईल का, एवढं आजच विचारा. विमानाची तिकिटं आणि शाळेची पत्रं जपून ठेवा, पुढे पुरावा म्हणून लागतील.

(स्कॉटलंडमध्ये फुकट, हेही कानावर येईल. ते स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या घरांतल्या मुलांना, इंग्लंडमधल्यांना नाही.)

कर्जाचं म्हणाल तर नाव कर्ज असलं तरी ते वागतं जादा टॅक्ससारखं. २०२३ च्या ऑगस्टपासून कोर्स सुरू केलेल्या मुलांना परतफेडीचा ‘प्लॅन ५’ लागू आहे: वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जेवढं कमवाल त्याचे ९ टक्के, ४० वर्षं, नंतर उरलेलं माफ. ३५,००० पगार असेल तर महिन्याला ७५ पौंड, पगारातूनच परस्पर कापले जातात. फी आणि राहण्याचं पूर्ण कर्ज मिळून तीन वर्षांत साठ हजार होतात. ३ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १,८०० चढतात आणि फिटतात फक्त ९००. आकडा वाढताना पाहून आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, पण हप्ता पगारावर ठरतो, थकबाकीवर नाही. नोकरी गेली की हप्ता बंद. खरी झळ पगारवाढीला बसते: २० टक्के इन्कम टॅक्स, ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी) आणि हे ९, म्हणजे वाढीव शंभरातले ३७ गेले.

म्हणून मुलाची फी भरायला एफडी मोडू नका. तुमच्या खिशाला खरी कात्री लागेल ती राहण्याच्या कर्जात. घरचं उत्पन्न २५,००० च्या वर गेलं की ते कमी होत जातं, आणि दोघं कमावते असाल तर ते साधारण पाच हजारांवर येतं. हॉस्टेलच्या खोलीचं वर्षाचं भाडंच बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त असतं. वरचे पैसे आईबापांनी द्यायचे, असं सरकारने गृहीत धरलेलं असतं, फक्त ते कुणी स्पष्ट सांगत नाही. बाजूला टाकायचे पैसे या भाड्यासाठी टाका.