आरशासमोर पेन्सिल फिरवणाऱ्या मुलाच्या आईला

ताई, वसईहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा अकरावी सायन्सला, व्हायोलिनची ट्रिनिटीची सहावी ग्रेड झालीये, रविवारी चर्चमध्ये की-बोर्ड वाजवतो, आणि गेले सहा महिने रात्री दार लावून आरशासमोर पेन्सिल फिरवत मोबाइलवरच्या ऑर्केस्ट्राला कंडक्ट करतो. त्याला सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदाची रचना) आणि ऑपेरा (गाऊन सादर केलेलं नाटक) यांचा कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हातांनी अख्खा वाद्यवृंद चालवणारा, व्हायचंय. बाबा म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर, मग काय ते कर. तुमचे प्रश्न तीन: ही खरंच नोकरी असते का, पोट भरतं का, आणि उशीर तर झाला नाही ना. (एसटीचा विनोद घरात करून झालाय असंही लिहिलंय, तो मी पुन्हा करत नाही.)

नोकरी असते. पण आधी त्या आरशाबद्दल बोलतो, कारण खरी गोम तिथेच आहे. बेथोव्हनची पाचवी सिंफनी सगळ्यांना माहितीये, ते ट-ट-ट-टाऽऽ. ती सुरू कशाने होते? शांततेने. पहिल्या ठोक्यावर स्वरच नाहीये, तिथे छोटासा विराम लिहिलाय आणि मग तीन स्वर धावत येतात. म्हणजे कंडक्टरने तो रिकामा ठोका असा दाखवायचा की समोरची साठ-सत्तर माणसं त्याच वेगात, त्याच जोरात एकदम निघाली पाहिजेत, आणि हे सगळं आवाज यायच्या आधी. तुमचा मुलगा मोबाइलवर आवाज ऐकून हात हलवतो, म्हणजे तो ऑर्केस्ट्राच्या मागून चाललाय. हे त्याला रागावून सांगू नका, नुसतं विचारा की मोबाइल बंद करून सुरुवात करून दाखव. तो गप्प बसेल थोडा वेळ, चालेल.

दुसरं म्हणजे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र लिहिलेली स्वरलिपी. व्हायोलिन वाजवताना त्याच्यासमोर एक ओळ असते, कंडक्टरसमोर एका पानावर वीस-वीस ओळी, त्यात व्हायोलाची क्लेफ (ओळीवर कुठला स्वर कुठे हे सांगणारं चिन्ह) वेगळी, बी फ्लॅट क्लॅरिनेटला सी हा स्वर लिहिलेला असतो पण ऐकू येतो बी फ्लॅट, एफ हॉर्नला लिहिलेला सी ऐकू येतो एफ, आणि हे सगळं डोक्यात एकाच वेळी वाजलं पाहिजे कारण रिहर्सलमध्ये कुणी अर्धा सूर चुकला तर तो नेमका कोण हे क्षणात कळायला हवं. याला वर्षं लागतात. आरशात दिसते ती फक्त शेवटची पाच टक्के.

म्हणूनच मी आजवर वाचलेल्या जवळपास सगळ्या कंडक्टरांची सुरुवात कुठल्यातरी वाद्यापासून झालीये. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता घ्या. वडील मेहली मेहता व्हायोलिनिस्ट, त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यामुळे घरातच रिहर्सली. तरी मुलगा झेवियर्सला मेडिकलच्या तयारीत होता, हे बाबांना जरूर सांगा! 1954 मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे कंडक्टिंग शिकले, आणि सोबत डबल बास वाजवला. तिथे मोठ्या कंडक्टरांच्या रिहर्सली बघायला मिळाव्यात म्हणून ते आणि त्यांचा वर्गमित्र क्लाउडिओ अबाडो चक्क कॉयरमध्ये (समूहगायनाच्या गटात) गायला उभे राहिले. 1958 ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, मग मॉन्ट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल, म्युनिकचा ऑपेरा. लोक हा शेवटचा भाग सांगतात. मला विचाराल तर तो कॉयरचा भाग तुमच्या मुलाने भिंतीवर लिहून ठेवावा.

इटलीचे प्रसिद्ध कंडक्टर तोस्कानिनी तर चेलो (व्हायोलिनसारखंच पण मोठं, बसून वाजवायचं वाद्य) वाजवायला बसले होते. 1886, रिओ, ऑपेरा आयडा, कंडक्टरवरून प्रेक्षागृहात गोंधळ झाला, आणि या एकोणीस वर्षांच्या पोराला अख्खा ऑपेरा पाठ आहे हे साथीदारांना माहीत होतं, त्यांनी त्याला वर ढकललं. ही गोष्ट ऐकून मुलं म्हणतात वा काय नशीब. नशीब कसलं, पाठ होता ना आधी.

आता ऑपेराचा रस्ता वेगळा सांगतो, कारण हा रस्ता इकडे फारसा कुणी सांगत नाही आणि नोकऱ्या जास्त तिथेच आहेत. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी 80 च्या आसपास ऑपेरा हाउस आहेत, अगदी छोट्या शहरांतही. तिथे खालून वर जायची एक जुनी शिडी आहे. पहिली पायरी कोरेपेटिटोर, म्हणजे गायकांना पियानोवर तयार करणारा माणूस. अख्खा ऑपेरा पियानोवर वाजवायचा, जो गायक आला नाही त्याची ओळ स्वतः म्हणायची, उच्चार सुधारायचे, आणि हे इटालियन, जर्मन, फ्रेंच तिन्हीत. मग हळूहळू एखादा शो कंडक्ट करायला मिळतो, कधीकधी ऑर्केस्ट्राबरोबर धड रिहर्सल न करता, मग कापेलमाइस्टर (थिएटरचा नेमलेला कंडक्टर), मग संगीतप्रमुख. पुढे जगप्रसिद्ध झालेले कंडक्टर कारायान यांची सुरुवात 1929 मध्ये उल्म नावाच्या लहानशा गावातल्या थिएटरात झाली. कंडक्टर अँटोनिओ पापानो यांनी तर कुठल्या कॉन्झर्व्हेटरीची (संगीत महाविद्यालयाची) डिग्रीच घेतलेली नाही, रिहर्सलचा पियानो वाजवत वाजवत वर आले आणि 2002 ते 2024 लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसचे संगीतप्रमुख होते.

यावरून तुमच्या लक्षात आलं असेल मी कुठे येतोय ते. पियानो. व्हायोलिन सोडू नका पण पियानो आजपासून धरा. की-बोर्डवर कॉर्ड दाबणं वेगळं आणि पियानो वेगळा, 61 बटणांचा की-बोर्ड पुरणार नाही, 88 वेटेड कीजचा (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) डिजिटल पियानो लागेल, पन्नास हजारांच्या आसपास जातो. जर्मनी-ऑस्ट्रियात कंडक्टिंगच्या प्रवेश परीक्षेत पियानो बघतात, स्कोअर बघून पियानोवर वाजवायला लावतात, कानाची परीक्षा घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी समोर ऑर्केस्ट्रा नसतो तर दोन पियानोवाले बसवलेले असतात, त्यांना कंडक्ट करायचं.

उशीर? नाही झाला. पण इंजिनिअरिंगची चार वर्षं मध्ये घातली तर होईल, हे मी बाबांना स्पष्ट सांगतो. इतर मुलांना मी सर्रास म्हणतो की डिग्री घे मग छंद बघ, इथे ते लागू नाही कारण हात आणि कान याच वयात घडतात. मधला मार्ग असा: बारावी नीट करू द्या, मग एक वर्ष निव्वळ तयारीला, आणि त्या वर्षाच्या शेवटी ऑडिशन. नाही झालं तर इंजिनिअरिंगची दारं तेव्हाही उघडीच असतात, एक वर्ष जाईल फक्त. आणि अर्ज एकट्या कंडक्टिंगलाच करू नका, व्हायोलिनसाठीही करा. आधी वाद्याची डिग्री आणि मग कंडक्टिंगमध्ये मास्टर्स हा अगदी चालता रस्ता आहे. बर्मिंगहॅमचा भारतीय वंशाचा अल्पेश चौहान असाच चेलोवरून आलाय आणि आता बर्मिंगहॅम ऑपेरा कंपनीचा संगीतप्रमुख आहे.

पैशाचं. लंडनच्या कॉलेजांत परदेशी मुलांची फी वर्षाला 25 हजार पाउंडांच्या वर जाते, तिकडे स्कॉलरशिप मिळाली तरच बघा. व्हिएन्नाच्या सरकारी संगीत विद्यापीठात सेमिस्टरला साधारण 730 युरो, जर्मनीत बहुतेक राज्यांत फी जवळपास नाहीच, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 12 हजार युरोच्या आसपास आधी खात्यात दाखवावे लागतात, आणि शिकवणं जर्मनमधून. म्हणजे जर्मन भाषा लगेच सुरू, मॅक्सम्युलर भवन या जर्मन भाषा-संस्कृती केंद्राचे क्लास मुंबईत आहेत. पुढे कमाईचं म्हणाल तर ऑपेरा हाउसमध्ये सुरुवातीला पगार जेमतेम आणि करार ठरावीक सिझनपुरता. फ्रीलान्सला कॉन्सर्टमागे मानधन, त्यातून एजंट आपला वाटा घेतो आणि घरी स्कोअर शिकण्यात जाणाऱ्या आठवड्यांचे पैसे कुणी देत नाही. मोठं नाव झालं तर पैसा भरपूर, पण त्या हिशोबावर घर चालवायचं ठरवू नका. भारतात पूर्णवेळ व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणजे 2006 पासूनचा, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया (एसओआय), त्यामुळे इथे परत येऊन याच पदावर नोकरी हे जवळपास धरूच नका. बाहेर राहावं लागेल. आई म्हणून हे तुम्हाला आधी पचवावं लागेल, त्याला नाही.

(गंमत म्हणून सांगतो, मारिया बाडस्ट्यू नावाची डॅनिश कंडक्टर आहे, तिचा जन्म आपल्या पंढरपूरचा, बाळ असताना दत्तक जाऊन डेन्मार्कला वाढली.)

तर सध्या काय करायचं. एसओआयचे सिझन साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये असतात, वसईहून चर्चगेट म्हणजे सव्वा-दीड तास, तिथून एनसीपीए जवळच. कॉन्सर्टला न्याच पण त्यांना एक ईमेल टाकून रिहर्सलला मागे बसू देतील का हेही विचारा, नाही म्हणाले तरी काही बिघडत नाही. मोझार्ट-हायडनचे स्कोअर आयएमएसएलपी साइटवर फुकट आहेत, हायडनचं एखादं क्वार्टेट घ्यायचं, चारच ओळी, आणि हळूहळू पियानोवर वाजवायचं. महिन्याला एक झालं तरी खूप.

आणि तुमच्या घराजवळ एक गोष्ट आहे जी पुण्यातल्या माझ्या बहुतेक मुलांकडे नाही, चर्चचा कॉयर. खरी माणसं, जी उशिरा येतात, बेसूर होतात, आणि ऐकत नाहीत. फादरना विचारून यंदाच्या नाताळाची दोन गाणी त्याच्याकडे द्या, फक्त दोन. चार आवाज वेगळे बसवायचे, रिहर्सल किती वाजता किती मिनिटं कशाची हे त्याने आधी कागदावर लिहायचं, आणि मावशी-काकांना न दुखवता त्यांची चूक सांगायची. हे करताना तो वैतागला तर साहजिक आहे, पण दुसऱ्या रिहर्सलला स्वतःहून लवकर जातो का तेवढं बघा आणि जानेवारीत मला कळवा. तेव्हा बाबांनाही फोनवर घ्या, ऑडिशनच्या तारखा आणि खर्च तिघांनी मिळून मांडू.