सेंट पीटर्सबर्ग १९१४: लास्करनं कापाब्लांकाला खरंच गंडवलं का?

तुम्ही विचारलंय की १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग बुद्धिबळ स्पर्धेत लास्करनं मुद्दाम बरोबरीकडे झुकणारं ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली) खेळून कापाब्लांकाला गाफील ठेवलं हे खरं का, आणि त्या स्पर्धेतले अजून कुठले डाव पटावर मांडून बघावेत. पहिल्याचं उत्तर माझ्या मते सरळसरळ ‘नाही’ असंच आहे. ही मानसशास्त्राची गोष्ट इतकी वर्षं इतक्या ठिकाणी सांगितली गेलीय की लोक डाव न बघताच ती खरी मानतात, आणि त्यात लास्करच्या खऱ्या खेळावर अन्याय होतो.

आधी परिस्थिती सांगतो. ११ खेळाडू, पहिल्या टप्प्यात प्रत्येकाशी एक डाव, मग पहिले पाच जण अंतिम टप्प्यात एकमेकांशी दोन-दोन डाव, आणि पहिल्या टप्प्यातले गुण तसेच पुढे धरायचे. कापाब्लांका १० पैकी ८ गुण घेऊन पुढे आला, लास्कर आणि टाराश साडेसहावर. म्हणजे ४५ वर्षांचा लास्कर, जो १८९४ पासून जगज्जेता होता, तो २५ वर्षांच्या पोराच्या दीड गुण मागे राहून अंतिम टप्पा सुरू करतोय. शेवटाकडे दोघं समोरासमोर आले तेव्हाही लास्कर मागेच होता, त्याला जिंकणं भाग होतं आणि कापाब्लांकाला बरोबरी चालणार होती. अशा वेळी पांढरी मोहरी घेतलेल्या लास्करनं रुय लोपेझ या ओपनिंगमधे चौथ्याच चालीला उंट देऊन सी६ वरचा (सी रांगेतल्या सहाव्या घरातला) घोडा मारला आणि सातव्या चालीपर्यंत वजीरही पटावरून गेले. म्हणून लोकांना वाटतं हा डावपेच होता.

पण लास्करला हे एक्सचेंज व्हेरिएशन, म्हणजे उंट देऊन घोडा घ्यायचा हा प्रकार, नवीन नव्हतं हो. १९०८ मधे टाराशविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला पहिलाच डाव त्यानं हेच खेळून जिंकला होता. यातलं गणित साधं आहे, राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी विरुद्ध काळ्याची तीन, आणि वजिराच्या बाजूला काळ्याची चार असली तरी त्यात एक जोडी सी रांगेत एकावर एक अडकलेली. सगळी मोहरी मारामारीत गेली तर तो प्याद्यांचा शेवट पांढऱ्याच्या बाजूनं जातो. काळ्याकडे त्या बदल्यात उंटांची जोडी असते, म्हणजे काळ्याला हातपाय हलवावेच लागतात, गप्प बसून राहिलं की संपलं. बरोबरी चालणाऱ्या माणसाला हे खेळायला नको वाटणारच, पण तो ओपनिंगचा गुण झाला, त्याला गंडवणं कसं म्हणायचं?

आता १२ वी चाल बघा, प्यादं एफ५ ला. पहिल्यांदा बघताना ही चाल चुकीचीच वाटते कारण ई४ चं प्यादं मागे पडतं आणि ई५ चं घर काळ्याला आंदण दिल्यासारखं होतं. लास्करनं बघितलं ते ई६ चं घर. पुढच्या चालीला त्यानं उंट एफ४ वर आणून काळ्याच्या चांगल्या उंटाशी अदलाबदल मागितली आणि इथे कापाब्लांकानं तो उंट स्वतः मारायच्या ऐवजी दुसरा उंट बी७ ला ठेवला, ही चाल आपण मनाविरुद्ध खेळलो, मारायलाच हवं होतं, असं त्यानं पुढे स्वतः लिहिलंय. मग डी६ वर मारामारी, घोडा डी४, घोडा ई६, आणि १६ व्या चालीला तो घोडा तिथे बसला तो बसलाच, थेट ३७ व्या चालीपर्यंत. काळ्याचे दोन्ही हत्ती त्याच्या भोवती घिरट्या घालतायत, उंट बी७ वरून ए८ ला कोपऱ्यात जातो, परत येतो, काही होत नाही. माझ्या मते मधे कधीतरी हत्ती देऊन तो घोडा उडवून टाकायला हवा होता, क्वालिटी (घोड्याच्या बदल्यात हत्ती) गेली असती पण श्वास घेता आला असता.

लास्कर मात्र घाई करत नाही. बी४ खेळून सी५ चं घर बंद करतो, राजा हळूहळू पुढे आणतो, जी४, एच४. काळ्यानं २९ व्या चालीला जी५ करून शह दिला आणि एच रांग उघडायची सोय पांढऱ्याला आयती मिळाली, दोन्ही हत्ती त्या रांगेत उभे राहिले. मग ३५ वी चाल, प्यादं ई५, अफलातून! हे प्यादं फुकट दिलंय, कशासाठी तर सी३ वर इतका वेळ नुसता बसलेल्या दुसऱ्या घोड्याला ई४ चं घर मिळावं म्हणून. म्हणजे जे प्यादं १२ व्या चालीला कमकुवत झालं म्हणून सगळे नाकं मुरडतात तेच शेवटी देऊन टाकून डाव फुटतो. घोडा ई४, दुसरा घोडा सी५, हत्तीवर आणि उंटावर एकदम हल्ला, क्वालिटी गेली, आणि ४२ व्या चालीला कापाब्लांकानं डाव सोडला. एवढं सगळं बघून ज्याला अजून मानसशास्त्रच दिसतं त्यानं कृपया १२ ते २० या चाली पुन्हा एकदा शांतपणे खेळून बघाव्यात.

त्या धक्क्यातून कापाब्लांका लगेच सावरला नाही हे खरं, पुढच्याच डावात टाराशविरुद्ध एक मोहरं घालवून हरला. शेवटी लास्कर साडेतेरा, कापाब्लांका तेरा, अलेखाइन १०, टाराश साडेआठ, मार्शल ८. अंतिम टप्प्यात लास्करनं ८ पैकी ७ गुण काढले!

आणि लास्कर ज्या अर्ध्या गुणानं पुढे राहिला तो कुठून आला हे बघायचं असेल तर याच स्पर्धेतला लास्कर-टाराश बरोबरीचा डाव बघा. नुसते राजे आणि प्यादी उरलीयत, लास्कर हरल्यातच जमा आहे, तेव्हा तो राजा आपल्या एच प्याद्याच्या मदतीला निघाल्यासारखा नेतो आणि तिथून तिरका वळवून काळ्याची वजिराच्या बाजूची प्यादी गाठतो. रेटी या बुद्धिबळपटूचा १९२१ चा प्रसिद्ध स्टडी (रचलेलं कोडं) आहे ना, एका तिरक्या वाटेनं राजा दोन कामं करतो तो, त्याच जातीची कल्पना सात वर्षं आधी प्रत्यक्ष डावात. मला व्यक्तिशः हा डाव कापाब्लांकावाल्यापेक्षाही आवडतो.

निम्झोविच-टाराश तर सोडूच नका. काळा टाराश १८ व्या चालीला डी४ खेळून सी६ वरच्या उंटाची तिरकी रेष मोकळी करतो, मग एक उंट एच२ वर देतो, वजीर एच४ ला शह, आणि दुसरा उंट जी२ वर. तो घेतला तर वजीर जी४ ला शह आणि हत्ती डी५ वरून एच५ कडे. निम्झोविचनं घेतला नाही, पण राजा पट ओलांडून डी७ ला जाऊन मेला, उंट बी५ मात. ब्रिलियन्सी प्राइज (सुंदर डावाचं बक्षीस) मात्र दुसरं मिळालं, पहिलं कापाब्लांकाच्या बर्नस्टाइनविरुद्धच्या डावाला. दोन उंट देण्याची युक्ती लास्करनं १८८९ मधेच अ‍ॅमस्टरडॅमला बाउअरविरुद्ध वापरली होती, त्यामुळे टाराशचं बक्षीस घसरलं असं सांगतात. मला ते पटत नाही, डी४ ची तयारी टाराशची स्वतःची आहे.

७२ वर्षांच्या ब्लॅकबर्ननं पहिलीच चाल ई३ खेळून निम्झोविचला हरवलं, तोही डाव मजा म्हणून बघा. रुबिनस्टाईनचा लास्करविरुद्धचा हत्तींचा शेवट जरा वेळ काढून बघा, लास्करला जगज्जेतेपदासाठी आव्हान देणार होता तो माणूस आणि इथे पहिल्या पाचातही आला नाही, मग युद्ध सुरू झालं आणि तो सामना झालाच नाही.

आणि एक, झारनं या पाच जणांना ग्रँडमास्टर ही पदवी दिली असं कुठेही वाचलंत तर लगेच विश्वास ठेवू नका, त्या काळातला पुरावा कोणी दाखवलेला नाही. सुरुवात लास्कर-टाराशपासून करा, राजा आणि प्यादी एवढंच असल्यानं मोबाइलवरसुद्धा नीट कळतं.